खेचर म्हणजे गाढव नव्हे!

झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७च्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीत नायिका जेनीची आजी नातीला सांगते, काळी बाई म्हणजे जगाचं 'म्यूल', म्हणजे घोडा-गाढवाच्या संकरातून झालेलं ओझ्याचं जनावर. इथे मराठीत 'गाढव' चालेल का, असा प्रश्न आला आहे.

नाही. गाढव म्हटलं की आपल्याला आधी मूर्खपणा आठवतो, मग ओझं. आजीचा हिशोब वेगळा: गोरा ओझं टाकतो, काळा पुरुष ते उचलतो आणि घरातल्या बाईच्या पाठीवर देतो. म्हणून खेचर. 'खच्चर' हिंदी, ते नको. आणि 'खच्चीकरण' खच्चरावरून आलं असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आता तरी थांबावं. ते अरबी 'खस्सी'वरून.

खरी मौज संस्कृतात आहे. खेचर म्हणजे 'अश्वतर'. 'तर' दिसला की "घोड्याहून सरस" असा अर्थ ठोकणारे पंडित मी पाहिलेत. पाणिनी उघडा हो! 'वत्सोक्षाश्वर्षभेभ्यश्च तनुत्वे' (५.३.९१). हा 'तर' उणेपणाचा. अश्वतर म्हणजे घोडेपण पातळ झालेला. पुरावा हवा? 'लघुतर'चं स्त्रीलिंग 'लघुतरा', पण याचं 'अश्वतरी'. प्रत्ययच निराळा.

असाच उणेपणा 'मुलाटो'त, म्हणजे गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संततीला लावल्या जाणाऱ्या शब्दात आहे. हा स्पॅनिश शब्द 'मुलो', म्हणजे खेचर, यावरून आला. काही विद्वान तो अरबी 'मुवल्लद' (मिश्र वंशाचा) या शब्दावरून ओढून आणतात. लहान वयाच्या खेचराला स्पॅनिशमध्ये 'मुलेतो' म्हणतात, तो शब्द हाताशी असताना अरबस्तानात कशाला जायचं? आता पाहा: आजी गुलामीत होती, तिची मुलगी गोऱ्या मालकापासून झालेली. लोक जिला 'मुलाटो' म्हणत, अशा मुलीची आई 'म्यूल' हा शब्द उच्चारते! आजीला व्युत्पत्ती ठाऊक असण्याचं कारण नाही, पण मानववंशशास्त्र शिकलेल्या लेखिकेच्या कानाला ती लागली असणार, असं माझं ठाम मत आहे. कुणी मानो न मानो.

हां, तुमचा प्रश्न. 'जगाचं खेचर' लिहा. बाईला नपुंसकलिंग खटकेल, खटकू दे. स्त्रीलिंग हवं म्हणून 'खेचरी' मात्र करू नका. ती योगातली मुद्रा, जीभ उलटी वळवून टाळूला लावायची. जेनीचा दुसरा नवरा जो स्टार्क्स दुकानाच्या ओसरीवरच्या गप्पांत तिला तोंड उघडू देत नाही, त्या प्रकरणापुरती हवी तर वापरा.