पाळी गेल्यानंतर लागलेला डाग

योनिमार्गाच्या कर्करोगाविषयी या वेळी चार पत्रे आली आहेत. हे विचारावे कोणाला, तेच कळत नव्हते, असे चारही जणींनी निरनिराळ्या शब्दांत लिहिले आहे. म्हणून आज नेहमीपेक्षा जरा सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय 64 आहे. गाठींमुळे 14 वर्षांपूर्वी माझे गर्भाशय काढून टाकले. गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा अंतर्वस्त्रावर नखाएवढा तपकिरी डाग दिसला. दुखत काहीच नाही. पिशवीच काढली आहे तर आता कर्करोग कसला, असे घरचे म्हणतात. डॉक्टरांना दाखवायला हवे का?

उत्तर : दाखवायला हवे, आणि याच आठवड्यात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर योनिमार्गातून एकदाच, थेंबभर जरी रक्त गेले, तरी त्याचे कारण शोधावे लागते. डाग लाल होता, गुलाबी होता की तपकिरी होता, याने फरक पडत नाही; रक्त आत थोडा वेळ साचून राहिले की त्याचा रंग तपकिरी होतो, इतकेच. आपल्या बाबतीत कर्करोग हे सर्वांत संभवनीय कारण नाही, हेही आधीच सांगते. पाळी गेल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते, योनिमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे पडते आणि किरकोळ घर्षणानेही त्यातून रक्त येऊ लागते. आपल्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ स्त्रियांमध्ये तपासणीनंतर एवढेच निघते. मात्र तपासणी न करता तसे गृहीत धरणे मला मान्य नाही.

घरच्यांचा समज फार सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. गर्भाशय काढल्यावर योनिमार्ग जागच्या जागीच राहतो; त्याचे वरचे टोक टाके घालून बंद केलेले असते. मुळात योनिमार्गातच सुरू होणारा कर्करोग दुर्मीळ आहे, स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा 1 ते 2 टक्केच आहे. पण तो प्रामुख्याने साठीच्या पुढे होतो आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रियांनाही होतो. ‘दुखत नाही’ यावरही विसंबू नका. योनिमार्गाच्या वरच्या भागाला वेदना फारशी जाणवत नाही, आणि हा रोग नेमका वरच्या एक तृतीयांश भागात, बहुतेकदा मागच्या भिंतीवर, अधिक आढळतो. त्यामुळे सुरुवातीला न दुखता रक्त जाणे हेच त्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण असते, तर ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे, लघवीत किंवा शौचात रक्त दिसणे, पायाला सूज येणे या गोष्टी रोग पसरल्यावर येतात.

तपासणीत काय होते ते सांगते, कारण पुष्कळ जणी केवळ त्या धास्तीने दुखणे अंगावर काढतात. स्पेक्युलम नावाचे, बदकाच्या चोचीसारखी दोन पाती असलेले उपकरण योनिमार्गात घालून उघडले जाते, म्हणजे आतले दिसते. त्याची एक अडचण आहे. ही पाती पुढच्या आणि मागच्या भिंतीवरच टेकलेली असतात, त्यामुळे तेवढा भाग झाकला जातो आणि एखादी लहानशी जखम पात्याखाली नजरेआड राहू शकते. म्हणून उपकरण बाहेर घेताना ते सावकाश फिरवत चारही भिंती पाहाव्या लागतात आणि नंतर बोटांनी चाचपावे लागते, कारण अस्तराखालचा टणकपणा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. पाळी गेल्यानंतरची कोरडी जागा नाजूक असते. ‘लहान आकाराचे उपकरण वापरा, दुखले तर मी थांबायला सांगेन’ असे आपण निःसंकोच म्हणावे. शस्त्रक्रियेचा जुना अहवाल सापडला तर बरोबर न्या. गर्भाशय काढण्याच्या आधी किंवा त्या वेळी गर्भाशयमुखात कर्करोगपूर्व गंभीर बदल सापडले असतील, तर त्या टाक्यांच्या जागेची तपासणी पुढे 20 ते 25 वर्षे चालू ठेवावी लागते. केवळ गाठींसाठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ठरावीक काळाने अशी चाचणी करण्याची गरज नसते. पण डाग दिसला की दोन्ही प्रकारच्या स्त्रियांना तपासून घ्यावेच लागते.

प्रश्न : मी 58 वर्षांची आहे. चार महिन्यांपासून अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाते. दुकानातून दोनदा औषध आणले, आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा सुरू होते. गेल्या वर्षीचा पॅप स्मिअर निर्दोष होता. तरी काळजी करावी का?

उत्तर : चार महिने आणि दोन औषधे होऊनही स्राव परत येत असेल, तर तिसरे औषध घेण्यापूर्वी आत पाहिले गेले पाहिजे. साधा जंतुसंसर्ग योग्य औषधाने बरा होतो. पाण्यासारखा, कधी रक्ताची झाक असलेला, औषधांना न जुमानणारा स्राव एखाद्या व्रणातून येत असू शकतो, आणि त्या व्रणावर जंतू वाढल्याने औषधाने तात्पुरते बरे वाटते. वेळ अशीच निघून जाते.

पॅप स्मिअरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. त्यात गर्भाशयमुखावरील पेशी घेतल्या जातात. योनिमार्गाच्या भिंतींची ती चाचणी नव्हे. तिथे शंका आली तर कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड आणि आयोडीन लावून भिंगातून पाहतात. निरोगी अस्तर आयोडीनने गडद तपकिरी होते आणि बदललेला भाग फिकट राहतो. मात्र पाळी गेल्यानंतर पातळ झालेले अस्तरही आयोडीन नीट घेत नाही, त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढत नाहीत. त्या जागेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. ही बायॉप्सी झाल्याशिवाय कोणी आपल्याला ‘कर्करोग आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगितले, तर ते अंतिम मानू नका.

प्रश्न : माझे वय 36. तपासणीत एच.पी.व्ही. 16 हा विषाणू सापडला. यानेच योनिमार्गाचा कर्करोग होतो असे वाचले. पतीला काय सांगू, हेही सुचत नाही.

उत्तर : पतींना सांगा की हा विषाणू लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो, वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो आणि तो कोणाकडून, केव्हा आला हे सांगता येत नाही. त्यावरून कोणाच्याही वागणुकीचा निवाडा करणे अन्यायाचे आहे.

योनिमार्गाचे बहुसंख्य कर्करोग एच.पी.व्ही.शी निगडित असतात आणि त्यांत 16 हा प्रकार सर्वांत पुढे आहे, हे आपण वाचले ते खरे आहे. परंतु बहुतेकांचे शरीर हा संसर्ग एक-दोन वर्षांत स्वतःच परतवून लावते. जिथे तो टिकून राहतो, तिथे आधी कर्करोगपूर्व बदल होतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला सहसा वर्षे लागतात. 16 हा प्रकार सापडल्यामुळे आपल्याला कॉल्पोस्कोपी सांगितली जाईल. ती करून घ्या आणि गर्भाशयमुखाबरोबर योनिमार्गाच्या भिंतीही पाहण्याची विनंती करा. धूम्रपान करत असाल तर ते सोडा. त्याने विषाणू टिकून राहण्याची शक्यता वाढते. एच.पी.व्ही.ची लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, पण घरात 9 ते 14 वर्षांची मुलगी असेल तर तिच्यासाठी हेच लसीचे सर्वांत योग्य वय आहे.

प्रश्न : आईला (वय 69) योनिमार्गाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. डॉक्टर शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार सुचवतात. म्हणजे आशा संपली का? आणि मलाही होईल का?

उत्तर : आशा संपली असा त्याचा अर्थ मुळीच नाही. या अवयवाच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय अगदी चिकटून असतात, मध्ये जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असते. गाठ पूर्ण काढायची तर अनेकदा त्यांनाही धक्का लावावा लागतो. रोग अगदी लवकरचा आणि लहान असेल तर शस्त्रक्रिया होते, एरवी बरे करण्याच्या हेतूनेच किरणोपचार निवडतात : आधी बाहेरून, मग ब्रॅकीथेरपीने, म्हणजे किरणांचा स्रोत योनिमार्गात ठेवून, आतून, आणि जोडीला बहुतेकदा सिसप्लॅटिन हे औषध. एक गोष्ट आपणहून विचारा, कारण ती सांगायची राहून जाते. किरणांनी योनिमार्ग आकसतो. आकसलेल्या जागेत पुढची तपासणी करणेही कठीण होते, म्हणून वैवाहिक संबंध नसले तरी डायलेटर (योनिमार्ग आकसू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत नळी) केव्हा आणि कसे वापरायचे, ते आईला एखाद्या परिचारिकेने शांतपणे समजावून द्यावे.

आता आपल्याविषयी. हा रोग सहसा आनुवंशिक नसतो. आईकडून मुलीला धोका पोहोचल्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे ते एका औषधाचे. डी.ई.एस. हे कृत्रिम इस्ट्रोजेन काही देशांत गर्भपात टाळण्यासाठी गर्भवतींना दिले जात असे. 1971 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की योनिमार्गाचा एक विरळा कर्करोग झालेल्या आठ तरुणींपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी ते घेतले होते. आपल्या वेळी गरोदर असताना आईला ते दिले नसेल, तर आईच्या आजारामुळे आपल्याला वेगळ्या चाचण्यांची गरज नाही. आपल्या वयाप्रमाणे गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी मात्र चुकवू नका. आणि आईच्या पुढच्या भेटीला बरोबर जा. ‘संबंध’, ‘स्राव’, ‘लघवी’ हे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत, तर तिच्या परवानगीने आपण ते बोला.