द्रावण काढून तेवढंच शुद्ध आम्ल घातलं, तर समीकरण कसं मांडायचं?

प्रश्न असा आहे: ४० लिटर द्रावणात २०% आम्ल आहे. त्यातून किती लिटर काढून तेवढंच शुद्ध आम्ल घातलं, तर तीव्रता ५०% होईल?

टक्क्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करू नका. हिशेब नेहमी आम्लाच्या लिटरचा ठेवा. सुरुवातीला आम्ल ८ लिटर. शेवटी हवं ४० चं ५०%, म्हणजे २० लिटर. काढलेलं द्रावण क्ष लिटर धरू.

बहुतेक जण इथे ८ + क्ष = २० लिहितात आणि उत्तर १२ काढतात. पण काढलेल्या क्ष लिटरबरोबर ०.२क्ष आम्लही बाहेर जातं, ते वजा करायचं राहून जातं. १२ घेऊन पाहा: २८ लिटर उरतं, त्यात आम्ल ५.६, अधिक १२ म्हणजे १७.६. तीव्रता फक्त ४४%.

बरोबर मांडणी:
८ − ०.२क्ष + क्ष = २०
०.८क्ष = १२
क्ष = १५ लिटर

ताळा: उरलेल्या २५ लिटरमध्ये आम्ल ५, अधिक १५, एकूण २०. जमलं.

शुद्ध आम्लाऐवजी पाणी घालायचं असेल, तर ‘+ क्ष’ च्या जागी शून्य येतं. ७०% द्रावण घालायचं असेल, तर ०.७क्ष.