कार्यकर्ता म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून अर्ज करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला ठाण्याच्या कोपरीत, खारघरच्या खाडीकाठी खारफुटीत भराव टाकणाऱ्यांविरुद्ध तक्रारी केल्या, आता फोनवर जिवे मारण्याच्या धमक्या येतात. कार्यकर्त्यांना संरक्षण देणारा कायदा आहे का आणि अर्ज कुठे करायचा?

असा स्वतंत्र कायदा देशातही नाही आणि महाराष्ट्रातही नाही. खून झाला की विधिमंडळ किंवा संसद हलते, पण हाती पडतं ते भलतंच. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये गयेत हत्या झाली, त्यातून २००४ मध्ये केंद्राचा 'पीआयडीपीआय' (जनहितासाठी माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा) ठराव आला. तो फक्त केंद्र सरकार आणि केंद्राच्या उपक्रमांतील भ्रष्टाचाराच्या तक्रारींपुरता. उरणचं जेएनपीए किंवा ओएनजीसी त्यात बसतं. सिडको, ठाणे महापालिका, पनवेल महापालिका बसत नाहीत. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन छापला गेला, पण अजून अमलात आलेला नाही. त्याचा हवाला देऊन अर्ज करणारे बरेच दिसतात; पोलीस ठाण्यात त्या कागदाला काही किंमत नाही. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला. कायदा चांगलाच आहे, पण त्यात चळवळीतल्या माणसाच्या जिवासाठी एकही कलम नाही. पत्रकारांवरील हल्ल्यांचा राज्याचा कायदा २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केला: ३ वर्षांपर्यंत कैद, गुन्हा दखलपात्र (कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या खाली नाही. पण तो नोंदणीकृत माध्यमसंस्थेत काम करणाऱ्यांसाठी. फेसबुक पेज चालवता म्हणून त्यात शिरायचा प्रयत्न करू नका, नुसता वेळ जातो.

मग उरतं ते साक्षीदार संरक्षण. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला प्रकरणात 'साक्षीदार संरक्षण योजना, २०१८' मान्य केली आणि संसदेचा कायदा येईपर्यंत तोच कायदा समजावा असं सांगितलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करणं बंधनकारक आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा स्वतःचा कायदाही आहे. अर्जाच्या शीर्षकात तिन्हींचा उल्लेख करा. या योजनेतली साक्षीदाराची व्याख्या मुद्दाम वाचा. गुन्ह्याबाबत माहिती किंवा कागदपत्र ज्याच्याकडे आहे अशी कोणतीही व्यक्ती. समन्स निघालेलं असण्याची अट नाही.

अडचण गुन्ह्याच्या वजनात आहे. योजना मृत्युदंड, जन्मठेप किंवा ७ वर्षांपर्यंत व त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांना लागू होते (महिलांवरील काही गुन्हे वेगळे जोडलेले आहेत). खारफुटीवरचा भराव त्यात बसत नाही. पर्यावरण संरक्षण कायद्यातली ५ वर्षांची कैद जनविश्वास कायद्याने काढून टाकली. १ एप्रिल २०२४ पासून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. अनधिकृत बांधकामाची एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याखालची शिक्षाही ३ वर्षांच्या पुढे जात नाही. म्हणून 'मी भरावाचा साक्षीदार' असा अर्ज केलात तर तो पहिल्याच पायरीवर अडकेल. तुमचा आधार धमकीचा गुन्हा. जिवे मारण्याची धमकी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१(३), शिक्षा ७ वर्षांपर्यंत. फोन निनावी असेल तर ३५१(४)ही लावायला सांगा, त्यात आणखी २ वर्षं आहेत.

इथेच बहुतेक प्रकरणं मरतात. केंद्रीय अनुसूचीप्रमाणे ३५१ अदखलपात्र आहे, त्यामुळे ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) फाडून हातात देतो आणि माणूस समाधानाने घरी जातो. एनसीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तो आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(२) खाली तुम्हीच मागायचा असतो, आपोआप काही होत नाही. धमकीसोबत दुसरं काही घडलं असेल तर ते पहिल्याच जबाबात आलं पाहिजे: अडवून मारहाण, घरात घुसणं, पैशाची मागणी. त्यातला एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरून तपास होतो. धमकीचे शब्दही जसेच्या तसे लिहून घ्या. 'तक्रार मागे घे' हे ३५१. 'कोर्टात जबाब फिरव, नाहीतर बघ' हे न्याय संहितेचं कलम २३२, म्हणजे खोट्या साक्षीसाठी धमकावणं, आणि ते दखलपात्र आहे. जबाब लिहून घेणारे दोन्हींचं मिळून 'शिवीगाळ व दमदाटी केली' असं एक वाक्य करून टाकतात. सही करण्याआधी वाचा, दुरुस्ती करून घ्या.

दखलपात्र गुन्हा असूनही एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४): तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस उपायुक्तांना. त्याची पोच ठेवून मग शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली. मधली पायरी गाळली तर अर्ज परत येतो.

हद्दीचा घोळ आधीच समजून घ्या. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन जिल्ह्यांत पसरलं आहे: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, खारघर, कामोठे, पनवेल, उरण रायगड जिल्हा. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण आयुक्तालय वेगळं. संरक्षणाचा अर्ज आयुक्तालयाप्रमाणे नव्हे, गुन्हा जिथे घडला त्या जिल्ह्याच्या स्थायी समितीकडे जातो. धमकीचा फोन तुम्ही कोपरीत घेतला, तर ठाणे. भरावाच्या जागेवर अडवून धमकावलं, तर रायगड, जरी पोलीस नवी मुंबईचे असले तरी. गुन्हा नोंदवायला मात्र हद्दीची सबब चालत नाही. झिरो एफआयआर कुठेही होतो.

समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, पोलीसप्रमुख सदस्य, जिल्ह्यातील अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य सचिव. अर्ज सदस्य सचिवांमार्फत; सध्याचा नमुना त्यांच्याच कार्यालयातून घ्या. पोलीस आयुक्तांना 'बंदोबस्त मिळावा' असं पत्र देऊन लोक महिनोन्‌महिने थांबतात. तो वेगळा रस्ता आहे, त्यात न्यायाधीश नाहीत आणि मुदतही नाही. समितीचा आदेश मिळाल्यावर सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने ५ कामकाजाच्या दिवसांत धोका-विश्लेषण अहवाल द्यायचा, आणि अहवाल आल्यावर आणखी ५ दिवसांत निकाल. अहवालात तीन वर्ग असतात: 'अ' जिवाला धोका, 'ब' सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला, 'क' त्रास व दहशत. स्थानिक पोलीस 'क'कडे झुकतात. म्हणून अर्जाला तारखांचा एक पानी तक्ता जोडा: कोणत्या तारखेला कोणती तक्रार, त्यानंतर किती दिवसांनी कोणती धमकी. तक्रार आणि धमकी यांची जोडी दिसली की 'वैयक्तिक वाद' हा शेरा मारणं कठीण जातं. अंतरिम संरक्षण वेगळ्या परिच्छेदात मागा. न मागता क्वचितच मिळतं.

मागणीतही नेमकेपणा हवा. शस्त्रधारी अंगरक्षक हा एकच उपाय नाही, आणि माझ्या मते तो बहुतेकांसाठी उपयोगाचाही नाही. घराभोवती गस्त, दारावर कॅमेरा, पोलिसांचा आपत्कालीन संपर्क, कोर्टात ने-आण, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणं, काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, हे सगळं योजनेत लिहिलेलं आहे. कुटुंबीयांची नावं घाला. आदेश एका वेळी ३ महिन्यांपेक्षा जास्त नसतो. मुदतवाढीचा अर्ज अडीच महिन्यांनीच टाका. एक सावधगिरी: तक्रार खोटी ठरली तर खर्च वसूल होऊ शकतो.

धमकी देणारे सराईत असतील तर दुसऱ्या बाजूनेही दाब आणता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ खाली चॅप्टर केस (शांतता किंवा चांगल्या वर्तनाचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई) मागा. आयुक्तालयात सहायक आयुक्तच बंधपत्र घेतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली तडीपारी २ वर्षांपर्यंत होते, आणि उघडपणे पुढे यायला लोक घाबरतात हाच त्या कलमाचा एक आधार असल्याने तिथे साक्षीदारांचे जबाब नाव झाकून चालतात. भरावमाफियाच्या बाबतीत हा मार्ग खटल्यापेक्षा लवकर लागू पडतो.

पुराव्याचं: ज्या फोनवर धमकी आली तो फोन विकू नका, रीसेट करू नका. स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा). रेकॉर्डिंग आधी ग्रुपवर फिरवू नका, कापलेली प्रत फिरली की बचाव पक्ष तीच दाखवतो.

आणि पुढचे माहिती अधिकाराचे अर्ज घरच्या पत्त्याने टाकू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार संपर्कापुरतीच माहिती द्यावी लागते, आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो असं सांगितलं आहे. एकच विषय तीन-चार जणांनी वेगवेगळ्या अर्जांत मागितला तर एकट्यावर रोख राहत नाही. खारफुटीची तक्रार कोकण विभागीय आयुक्तांच्या समितीकडे कोकण भवनात द्या, तीही एकट्याच्या नव्हे, सोसायटीच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर.