उभी फ्रेम, फ्लॅश ब्रॅकेट आणि कानामागची सावली

पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे, फोटोंची सगळी जबाबदारी तुमच्यावर आहे आणि त्यासाठी तुम्ही जुना फ्लिप ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याखाली बसणारी पट्टी आणि फ्लॅश लेन्सच्या वर धरणारा तिचा फिरता दांडा, घेतलाय. अडचणी दोन लिहिल्यात: अर्ध्या तासात मनगट भरून येतं, आणि उभ्या फोटोत कानाशेजारी भिंतीवर पडणारी काळी सावली गेली नाहीच, उलट वाढली. आधी सावलीचं बोलू. ती कळली की ब्रॅकेट कळला.

ब्रॅकेटनं उजेड मऊ होत नाही. दुकानात तसं सांगतात खरं, पण फ्लॅशचं तोंड आहे तेवढंच राहतं, त्यामुळे सावलीची कडही तेवढीच धारदार राहते. ब्रॅकेट फक्त सावली कुठे पडायची ते ठरवतो. समजा, फ्लॅश लेन्सच्या २० सेंटीमीटर वर आहे, नवरी तुमच्यापासून २ मीटरवर आहे आणि भिंत तिच्या मागे १ मीटरवर. सावली भिंतीवर १० सेंटीमीटर खाली सरकते आणि तिच्याच खांद्यामागे लपते. हाच फ्लॅश लेन्सच्या बाजूला २० सेंटीमीटर असेल, तर सावली तेवढीच सरकते, पण आडवी. मग कानाच्या शेजारी काळा पट्टा उमटतो आणि तो लपवायला काहीच नसतं.

तुमच्या वर्णनावरून मला खात्री वाटते, की कॅमेरा उभा करताना तुम्ही फ्लॅशचा दांडा फिरवत नाही आहात. कॅमेरा वळला की सगळा सांगाडा त्याच्याबरोबर वळतो आणि वरचा फ्लॅश बाजूला येतो. हॉट शूवरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसवलेल्या, फ्लॅशपेक्षा तो लेन्सपासून लांब असतो, म्हणून सावली आधीपेक्षा जास्त सरकते. कॅमेरा उभा केला की दांडा फिरलाच पाहिजे. उजवा हात वर ठेवून आणि खाली ठेवून, दोन्ही तऱ्हांनी बघा. ज्या तऱ्हेनं फ्लॅश बरोबर लेन्सच्या डोक्यावर येतो तीच कायम ठेवा, दुसरी विसरून जा.

आणि जोडप्याला भिंतीपासून दोन पावलं पुढे घ्या. सावली आणखी खाली जाते, शिवाय भिंतीपर्यंत उजेड कमी पोचतो म्हणून मागचं सगळं शांत दिसतं. कार्यालयात खुर्च्या भिंतीला टेकवून मांडलेल्या असतात. मी सकाळी लवकर जाऊन त्या पुढे ओढून ठेवतो.

आता मनगट. फुल-फ्रेम बॉडी, २४-७० झूम, मोठा फ्लॅश, चार सेल आणि ब्रॅकेट मिळून वजन सव्वादोन-अडीच किलोच्या घरात जातं. नवीन माणूस ब्रॅकेटची डावीकडची मूठ घट्ट धरतो आणि तिथेच फसतो. डावा हात मुठीवर गेला की झूम फिरवायला हातच उरत नाही आणि सगळा भार उजव्या मनगटावर येतो. मूठ चालताना धरायची. फोटो काढताना डावा तळहात लेन्सच्या खाली, कोपर बरगडीला टेकलेलं, अंगठा आणि तर्जनी झूम रिंगवर. भार कोपरातून अंगावर उतरला पाहिजे. दोन विधींच्या मधल्या वेळात कॅमेरा छातीशी आणा. डोळ्याला लावून वाट बघत बसू नका.

आम्ही फिल्मवर शिकलो तेव्हा हातात मेट्झ ४५ चा दांड्याचा फ्लॅश असायचा. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, ४५. १०० आयएसओच्या फिल्मवर लेन्सचं छिद्र एफ ८ ला ठेवलं, की ४५ ला ८ नं भागायचं: साडेपाच मीटरवर उजेड बरोबर. अंतर पावलांनी मोजायची सवय तेव्हा लागली ती आजही उपयोगी पडते. टीटीएल, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड मोजून फ्लॅश आपोआप बेतणारी सोय, असली तरी २ मीटरवरून २.८ मीटरवर गेलात की उजेड निम्मा होतो आणि ४ मीटरवर पाव, एवढं डोक्यात असू द्या.

सराव घरी करा, सेल न घालता. कॅमेरा आडवा, उभा, दांडा वर, परत आडवा. रोज पन्नास वेळा, आणि आठवड्यानंतर डोळे मिटून. खटक्याकडे बघावं लागत नाही तोवर लग्नात नेऊ नका. त्यानंतर घरातल्या कुणाला भिंतीपुढे उभं करा आणि कपाळाला मुंडावळ्या बांधा, खऱ्या नसतील तर दोरा चालेल. हे मी मनापासून सांगतोय. मुंडावळ्यांच्या लडी गालाशी लोंबतात आणि फ्लॅश बाजूला असला की त्यांच्या रेघा गालावर पडतात. नवरीच्या एकटीच्या फोटोत त्या रेघा फार खुपतात. फ्लॅश डोक्यावर आला की त्या पुष्कळशा लडींच्याच मागे जातात.

अंतरपाटाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पांढरं कापड फ्रेमभर आलं की टीटीएल फसतं, उजेड आवरतं आणि चेहरे काळवंडतात. तिथे मी फ्लॅश एक स्टॉपपर्यंत, म्हणजे दुपटीपर्यंत, वाढवतो, आणि अंतरपाट खाली गेला की लगेच परत शून्यावर आणतो. फ्लॅश वाढवायची-कमी करायची ही दोन बटणंही डोळे मिटून सापडली पाहिजेत, कारण शेवटचं ‘सावधान’ आणि हार यांच्यात मोजून काही सेकंद मिळतात. अक्षतांच्या वेळी तुमच्या मागून येणारे दाणे फ्लॅशच्या अगदी जवळून जातात आणि फोटोत पांढरे ठिपके होऊन बसतात. जोडप्याच्या जवळ, थोडं बाजूला उभं राहिलं की ते बरेच कमी होतात.

छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल, तर ब्रॅकेट पिशवीत ठेवा आणि फ्लॅश छताकडे वळवा. तो उजेड ब्रॅकेटच्या थेट उजेडापेक्षा नक्कीच सुंदर असतो. पण मांडवाला लाल-पिवळं कापड असेल तर छतावरून परतणारा उजेडही तोच रंग घेऊन येतो आणि गोऱ्या-सावळ्या सगळ्यांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसतात. अशा मांडवात, आणि मोकळ्या अंगणात रात्री, मला ब्रॅकेटशिवाय दुसरा भरवसा वाटत नाही.

शेवटचं, कॉर्ड (फ्लॅश कॅमेऱ्याला जोडणारी वायर) आणि स्क्रू. एका लग्नात कन्यादान चालू असताना माझा खालचा स्क्रू सैल झाला, कॅमेरा पट्टीवर फिरला आणि तो सावरेपर्यंत वडिलांच्या ओंजळीतून पाणी सोडून झालं होतं. तो फोटो त्या घराकडे नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक विधीआधी स्क्रू पिळून बघतो आणि एक चाचणीचा फ्लॅश मारतो. कॉर्डचं वेटोळं वेल्क्रोनं दांड्याला बांधा, नाहीतर ते करवल्यांच्या बांगड्यांत अडकतं. जवळ दुसरी कॉर्ड ठेवाच. तीही चालली नाही तर वेळ घालवू नका: फ्लॅश सरळ हॉट शूवर चढवा आणि तो विधी आडव्या फ्रेममध्येच काढा, म्हणजे फ्लॅश लेन्सच्या डोक्यावरच राहील.