'निढळाचा घाम' यातलं निढळ म्हणजे शरीराचा कोणता भाग?

निढळ म्हणजे कपाळ. हा शब्द 'अढळ' किंवा 'ढळणे' यावरून आला का, असंही विचारलं गेलंय, पण त्यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. 'न ढळता केलेले कष्ट' हा अर्थ ऐकायला बरा वाटतो, पण तो ओढूनताणून आणलेला आहे.

खरं तर हा शब्द आपण गणपतीत रोज म्हणतो. विष्णुदास नाम्याच्या 'येई हो विठ्ठले' या आरतीत 'निढळावरी कर ठेवुनि वाट मी पाहें' आहे ना, तेच हे निढळ. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून कपाळाला आडवा हात लावून लांबवर बघायचं. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे मे महिन्यात केळीच्या बांधावर ट्रॅक्टरची वाट बघणारा माणूस अगदी तसाच उभा असतो. आणि घामाचं म्हणाल तर घड कापणाऱ्याच्या पंजाला चीक लागलेला असतो. त्याचा काळा डाग कपड्यावरून काही केल्या जात नाही, म्हणून गडी कपाळ पुसतो ते मनगटाच्या वरच्या अंगानं.

आता व्युत्पत्ती. संस्कृत ललाट, प्राकृत णिडाल, मराठी निढळ (निडळ असंही रूप आहे). पहिल्या 'ल'चा 'न' कसा झाला? लाङ्गलचा नांगर झाला, तसाच. जैन पंडित हेमचंद्रानं 12व्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात या दोन्ही शब्दांची सूत्रं लागोपाठ दिली आहेत.

मग 'कपाळ' कुठून आलं? संस्कृतात कपाल म्हणजे कवटी, आणि खापरही. यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीची पिठाची भाकरी, खापरांवर भाजायचे. अग्नीसाठीचा आठ खापरांवर, म्हणून तो 'अष्टाकपाल'. आपल्या 'कपाळमोक्षा'त अजून कवटीच आहे. एरवी मराठीत हा शब्द पुढे सरकून भुवयांच्या वर येऊन बसला, आणि निढळाची जागा त्यानं घेतली. नशीबही त्याच्याच वाट्याला आलं: कपाळकरंटा, कपाळ फुटलं, कपाळी लिहिलेलं. निढळाकडे राहिला तो घाम. मला तर ही वाटणी चांगलीच अन्यायाची वाटते!

आमच्या अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे डोळा तो डोया आणि कपाळ ते कपाय. 'मना कपायमा काय शे' हे इकडे नेहमी कानावर पडतं. निढळ मात्र मला बोलण्यात कधी भेटलेलं नाही, ते भाषणात नाहीतर आरतीतच.