चूक कोण दाखवणार, ते आधी बघ

पोरी,

तुझी यादी पाहिली. अल्गोरिदमचे, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवायच्या रीतींचे, चार ऑनलाइन कोर्स, प्रत्येकाचे पहिले दोन-तीन व्हिडिओ बघून झालेत आणि प्रश्न काय, तर ‘चांगलं कोण शिकवतं?’ अगं, सगळेच चांगलं शिकवतात! एमआयटीचे एरिक डिमेन घे, प्रिन्स्टनचे सेजविक घे, नाहीतर एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सवरचे माधवन मुकुंद. तू सोलापुरात घरी एकटीच बसून शिकणार आहेस. तुझं उत्तर चुकलं तर ते तुला सांगणार कोण? कोर्स निवडताना एवढंच बघायचं.

बायनरी सर्च घे, म्हणजे क्रमाने लावलेल्या लिस्टमध्ये दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणं. पायथनमध्ये रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून) लिहिताना पोरं सर्रास अर्धी लिस्ट कापून पुढे पाठवतात. उत्तर बरोबर येतं. पण पायथनमध्ये लिस्ट स्लाइस केली, म्हणजे तिचा तुकडा कापला, की नवी कॉपी होते. आधी अर्ध्या घटकांची, मग पाव, मग त्याच्या निम्म्या. बेरीज जवळजवळ ‘एन’, म्हणजे लिस्टमधल्या एकूण घटकांइतकी. म्हणजे तू समजतेस ‘लॉग एन’ (लिस्ट दुप्पट झाली तरी एकच पायरी जास्त) आणि हातात आलंय लिनिअर (लिस्ट दुप्पट, तर काम दुप्पट). शंभर आकड्यांवर हे कळतच नाही. लिस्ट तशीच ठेव, फक्त शोधायच्या भागाच्या सुरुवातीचा ‘लो’ आणि शेवटचा ‘हाय’ हे दोन इंडेक्स (जागेचे क्रमांक) पाठव. तिथेही खड्डा आहेच: लो ३, हाय ४ असताना मिड (मधली जागा) ३ येतो. उजवीकडे सरकताना लोमध्ये नुसता मिड भरलास तर लो जागचा हलत नाही आणि प्रोग्रॅम गरगरत बसतो. मिड अधिक १ भरायचा. पहिली चूक पकडायला प्रचंड मोठी टेस्ट लागते, दुसरीला दोनच घटकांची पुरते. अशा टेस्ट ज्या कोर्समध्ये आहेत तो कोर्स.

एमआयटीचा ६.००६ हा अल्गोरिदमचा कोर्स त्यांच्या ओपनकोर्सवेअर या मोफत साइटवर २०११ चा आहे आणि २०२० चाही. २०२० चा घे. त्यात प्रॉब्लेम सेट, त्यांची उत्तरं, कोडच्या टेस्ट, क्विझ, सगळं मिळतं. एक बाजू मात्र उघडी राहते. कोड तपासायला टेस्ट आहे. ‘हा अल्गोरिदम बरोबर का?’ याची सिद्धता तपासायला कुणी नाही. छापील उत्तर वाचलं की ‘मला हेच म्हणायचं होतं’ असं वाटतं. वाटू दे, वहीत नसेल तर शून्य गुण. आधी पेनाने पूर्ण लिही, एक रात्र जाऊ दे, मग ओळीला ओळ लावून बघ: बेस केस, म्हणजे सगळ्यात लहान उदाहरण, आहे का, गृहीतक नेमकं कुठे वापरलं, रनिंग टाइमचं (किती वेळ लागतो त्याचं) कारण दिलंय का.

प्रिन्स्टनचा कोर्सेरावरचा कोर्स जावात आहे आणि त्याचा ग्रेडर (कोड आपोआप तपासणारा प्रोग्रॅम) वेळ, मेमरी सगळं मोजतो. सर्टिफिकेट मिळत नाही म्हणून तू तो खोडलास! यादीतला सगळ्यात कडक परीक्षक तोच. एनपीटेलच्या असाइनमेंटला तारीख असते, त्यामुळे शिस्त लागते; पण पर्यायवाल्या प्रश्नांत पर्याय चुकला एवढंच समजतं, विचार कुठे घसरला ते नाही. आणि हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन क्लास लावायचं घरी चाललंय ना, तिथेही फी भरण्याआधी हेच विचार: माझी वही कोण तपासणार?

पोरं मला किटकिट्या म्हणतात. म्हणू देत. व्हिडिओ दीडपट वेगाने संपवून ‘झालं’ म्हणणाऱ्यांचं कौतुक माझ्याच्याने होत नाही.

आता काम. ६.००६ चा ‘प्रॉब्लेम सेट ०’ पूर्वतयारी जोखण्यासाठीच आहे: संच, संभाव्यता, इंडक्शन (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाणं), थोडं पायथन. एकही लेक्चर न बघता तो सोडव. इंडक्शनवर अडलीस तर पुढे जाऊ नकोस, एमआयटीच्याच ६.०४२ या गणिताच्या कोर्समधली इंडक्शनची लेक्चर आधी कर. जुळे सोलापुरातल्या त्या मैत्रिणीबरोबर दर रविवारी वही बदल. तिला अल्गोरिदम येत नसले तरी चालेल, तिने प्रत्येक ओळीला ‘का?’ एवढंच विचारायचं. जिथे तू ‘हे उघडच आहे’ म्हणशील, त्या ओळीचा फोटो मला पाठव.