तुमचे प्रश्न: स्पॅनिशमधलं 'जायचो'

प्रश्न: मी फोंड्याचा. मामा तारवटी (बोटीवर नोकरीला) होता, तो म्हणतो बोटीवर इंग्लिश सगळ्यांनाच येतं, तू स्पॅनिश शिक, म्हणून क्लास लावला. सगळं ठीक चाललं होतं, आता इम्परफेक्टवर, म्हणजे पूर्वी चालू असलेली किंवा नेहमी व्हायची ती गोष्ट सांगणाऱ्या भूतकाळावर, गाडी अडलीय. 'लहानपणी मी रोज बाजारात जायचो' याला मी 'फुई' लिहिलं, सरांनी लाल रेघ मारून 'ईबा' केलं. इंग्लिशमध्ये 'आय वेंट एव्हरी डे' चालतं ना, मग इथे का नाही? आणि ईबा म्हणजे जायचो की जात होतो? पुस्तकात दोन्ही दिलंय.

उत्तर: तुम्ही मराठीत अगदी बरोबर म्हणालात, 'जायचो'. मग ते वाक्य इंग्लिशच्या दारातून फिरवून आणलंत, तिथे 'जायचो'चं 'वेंट' झालं आणि 'वेंट'चं 'फुई'. सरळ आला असतात तर लाल रेघ वाचली असती. इंग्लिशचं वेंट म्हणजे 'गेलो' पण आणि 'जायचो' पण, त्याला फरकच पडत नाही. मराठीला पडतो, स्पॅनिशलाही पडतो.

आपला पोदेर, म्हणजे पाववाला घ्या. 'पोदेर रोज सकाळी यायचा, काल आलाच नाही.' यायचा म्हणजे 'बेनीआ', आलाच नाही म्हणजे 'नो बिनो'. पूर्ण वाक्य 'एल पानादेरो बेनीआ तोदास लास मान्यानास, पेरो आयेर नो बिनो'. तुम्ही मराठीत कधी चुकून 'पोदेर रोज सकाळी आला' म्हणाल का? नाही ना, मग झालं, तो कान तुमच्याकडे आहेच, तोच वापरा.

आता जायचो की जात होतो. दोन्ही. मराठीने एका कामाची दोन रूपं केलीत, जुन्या गोष्टींत तिसरंही सापडतं, 'राजा रोज शिकारीला जाई', स्पॅनिश तिन्ही ठिकाणी ईबाच म्हणणार. बाजूच्या शब्दांवरून कळतं. 'तोदोस लोस दीआस' म्हणजे रोज, हे असेल तर जायचो. आणि 'ईबा आल मेर्कादो कुआंदो एम्पेसो आ योबेर' म्हटलं की बाजारात जात होतो आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला. पावसाचं सुरू होणं ही घडलेली गोष्ट, म्हणून तिथे 'एम्पेसो', इम्परफेक्ट नाही.

मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे 'साबीआ' आणि 'सूपे'. क्रियापद एकच, साबेर, पण साबीआ म्हणजे माहीत होतं आणि सूपे म्हणजे कळलं. इंग्लिशवाल्यांना हे घोकावं लागतं, आपल्याकडे शब्दच वेगळे. तसंच 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होतो आणि 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. आणि हॉटेलात किंवा बोटीवर तुमच्या रोज कानावर येईल ते 'केरीआ उन काफे'. तो माणूस काही कालची गोष्ट सांगत नाहीये, आपणही काउंटरवर 'मला एक कॉफी हवी होती' असंच म्हणतो की, तेच ते, नम्रपणा. कॉफी आणून द्यायची.

पण मराठीही दोन ठिकाणी दगा देते हां. 'तीन वाजले होते' याला शब्दाला शब्द लावायला जाऊ नका, स्पॅनिशमध्ये 'एरान लास त्रेस', साधं इम्परफेक्ट, मागच्या काळातली घड्याळाची वेळ सांगताना कायम तेच. दुसरं, 'मी पाच वर्षं मडगावात राहत होतो' आपण बिनधास्त म्हणतो, पण पाच वर्षं म्हटलं की हिशेब बंद झाला, म्हणून 'बिबी सिंको आन्योस एन मार्गाव', म्हणजे 'राहिलो'. आकडा नसेल, नुसतं तेव्हा मडगावात राहायचो एवढंच असेल, तर 'बिबीआ'.

सरावाला दूर कशाला जायचं, जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर मूळचे स्पेनमधल्या नावार्राचे. १५०६ मध्ये जन्मले, 'नासियो'. १५४२ मध्ये गोव्यात आले, 'येगो'. हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरायचे, मुलांना गोळा करायचे, 'रेकोर्रीआ लास कायेस कोन उना काम्पानिया'. जन्म आणि येणं एकेकदाच, घंटेची फेरी मात्र पुन्हा पुन्हा. यात पुढचा एक परिच्छेद तुम्ही लिहा आणि सरांना दाखवा.

प्रश्न: माझी आजी १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. मी स्पॅनिश घोकायला बसले की मध्येच सुधारते, म्हणते 'ईबा' कसलं, 'ईआ' म्हण. कोण बरोबर? आणि रूपं पाठ करायची सोपी पद्धत सांगा. (मडगाव)

उत्तर: आजी बरोबरच, फक्त भाषा शेजारची. लॅटिनमध्ये 'ईबाम' होतं, स्पॅनिशने त्यातला ब सांभाळला, पोर्तुगीजने टाकून दिला. पण 'आमाबाम'चा ब पोर्तुगीजने टाकला नाही, त्याचा व केला, म्हणून आजीचं 'आमावा' आणि तुमचं 'आमाबा'. लिहिताना आजीच्या नादाने व्ही अक्षर घालू नका, तिथे बीच. बोलताना मात्र दोन स्वरांमधला हा ब ओठ पूर्ण न मिटता येतो, आपल्या ब आणि व यांच्या मधे कुठेतरी.

रूपं सोपी आहेत, खरंच. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांची चाल एक, उदाहरणार्थ आब्लार म्हणजे बोलणं: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान (सुरुवातीचा एच मुका, म्हणून हाब्लाबा नाही). 'एर' आणि 'इर'वाल्यांची मिळून एकच चाल, उदाहरणार्थ कोमेर म्हणजे खाणं: कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. यात प्रत्येक रूपात ई वर आघातचिन्ह, विसरलात की मार्क गेला. पाचवं रूप स्पेनमध्ये लागतं, लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही लोक'लाही सहावंच वापरतात.

या काळात वाकडी चालणारी क्रियापदं सबंध भाषेत तीन, सेर (असणं) चं एरा, इर (जाणं) चं ईबा, बेर (पाहणं) चं बेईआ. आजीच्या पोर्तुगीजमध्ये एरा आहेच, पण 'तीन्या', 'वीन्या', 'पून्या' हीही वाकडी, ती स्पॅनिशमध्ये सरळ होतात: तेनीआ, बेनीआ, पोनीआ. एका बाबतीत मात्र सांभाळा, मी आणि तो-ती यांचं रूप सारखंच, मराठीत जायचो, जायचा, जायची यावरून माणूस कळतो, तिथे ईबा म्हटल्यावर कोण ते कळेना तर 'यो' किंवा 'एया' पुढे लावायचं.

प्रश्न: 'खूप झाडं होती' याला 'आबीआन' का चालत नाही, झाडं अनेक आहेत ना?

उत्तर: 'आबीआ मुचोस आर्बोलेस'. झाड एक असो की अख्खं कुळागर, 'होतं, होती' या अर्थाने आबीआ एकवचनीच राहतं. बोलताना 'आबीआन' म्हणणारे स्पॅनिश लोक तुम्हाला भेटतील, परीक्षेत मात्र लिहू नका.